देव बाजूला ठेवून

बारामती
९ मार्च २०२५

प्रिय मानसिंग,
सप्रेम जयभीम.

फोनच करणार होतो. पण तुझा फोन तुझ्यापेक्षा तुझ्या इंद्रजितदादांच्या खाटेवर जास्त असतो. शिवाय तू फोनवर नुसतं ‘हां, हां’ करतोस आणि खरं उत्तर आठवड्यानं कागदावर पाठवतोस. मी गाव सोडून इथल्या वसतिगृहात आलो तेव्हापासूनची तुझी ही खोड. म्हणून सरळ कागदच घेतला.

आमच्या महाविद्यालयात माझं व्याख्यान ठरलंय. विषय मीच मागून घेतला : प्राचीन भारतातले कायदे आणि शिक्षा, आणि त्यात न्याय किती होता. इतिहास शिकवून केस पिकले, तरी या प्रश्नापाशी मी अडखळतो. वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, तेव्हा कॅमेरे नव्हते, साक्षीदार फुटायचे, मग चोर कोण ते कसं ठरवायचे?” त्याचं एक उत्तर म्हणजे दिव्य. पुरावा नसला की देवालाच साक्षीला बोलवायचं. आरोपीनं तापलेलं लोखंड हातात घेऊन चालायचं, पाण्यात बुडी मारून राहायचं, विष प्यायचं, नाहीतर तराजूत बसायचं. त्यातून सुटला तो खरा.

आपल्या गावात अजून बेल-भंडारा उचलतात. त्याची वाटी तुमच्याच देव्हाऱ्यात असते. ते कसं चालतं, ते मला तुझ्याकडून हवंय. पुस्तकात वाचलेलं मुलांना सांगताना माझाच आवाज खोटा वाटतो.

आमच्या साहेबराव तात्यांची डाळिंबं कशी आहेत? चुलता माझा, पण त्यांच्या बागेची खबर मला तुझ्याकडूनच कळते.

तुझा
बुद्धघोष


।। श्री मार्तंड प्रसन्न ।।

अंथुर्णे
१७ मार्च २०२५

प्रिय बुद्धघोष,
नमस्कार.

पोस्टमननं पत्र दादाच्या हातात दिलं. दादा म्हणाला, “घे, तुझ्या मास्तराची प्रश्नपत्रिका आली.” आता मी उत्तरपत्रिका लिहायला बसलोय.

वाटी पितळेची आहे, आजोबांच्या वेळची. जेजुरीहून आणलेला भंडारा तीत असतो. रोज पूजेच्या वेळी मी तीवर बेलाचं पान ठेवतो. गावात एखादं भांडण कुणालाच सुटेना, की मंडळी म्हणतात, वाटी काढा. मग ती खंडोबाच्या देवळात न्यायची. ज्याच्यावर संशय असेल त्यानं अनवाणी पायरी चढायची, वाटीतला बेल आणि चिमूटभर भंडारा उचलायचा आणि देवाकडं बघून सांगायचं. बस. तापलेलं लोखंड नाही की विष नाही.

माझ्या आठवणीत हे फार वेळा झालेलं नाही. म्हाळसाकाकूचं बोकड हरवलं होतं ते तुला आठवतं का? पुतण्यावर संशय होता. गडी ऐटीत पायरी चढला, हात पुढं केला आणि तसाच थांबून म्हणाला, “काकू, जरा दम धरा, मी बोकड सोडून येतो.” सगळं देऊळ हसलं. काकू त्याला शिव्या देत देत हसली. शिक्षा म्हणून त्यानं देवळाचं आवार झाडलं.

मला वाटतं, भंडारा माणसाला शिक्षा करतच नाही. तो माणसाला बोलतं करतो. देवाच्या वाटीत हात घालून खोटं बोलेल असा माणूस मी तरी पाहिला नाही.

आता मला तू सांग. त्या काळी एकाच चोरीला सगळ्यांना एकच शिक्षा होती का?

तात्यांची बाग फुलांनी लाल झालीय. उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या वेळेवर मिळाल्या तर फळ टिकेल. ते म्हणतात, “पोरापेक्षा जास्त जपलंय रं हिला.”

तुझा
मानसिंग


बारामती
२४ मार्च २०२५

प्रिय मानसिंग,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : नव्हती.

जुन्या स्मृतींत दिव्यंसुद्धा वाटून दिलेली आहेत. ब्राह्मणाला तराजू, क्षत्रियाला अग्नी, वैश्याला पाणी आणि शूद्राला विष. खरं-खोटं देव ठरवणार. पण देवापुढं कुणी तराजूत बसून जायचं आणि कुणी विष पिऊन, ते आधीच माणसांनी ठरवलेलं. शिवी देण्याचा गुन्हा घे. वरच्यानं खालच्याला दिली तर दंड भरून सुटका, खालच्यानं वरच्याला दिली तर जीभ जायची.

अशोकानं मात्र एका स्तंभावर वेगळं कोरून घेतलं. खटला चालवण्यात समता असावी आणि शिक्षेत समता असावी, अशी आपली इच्छा आहे, असं तो म्हणतो. फाशी ठरलेल्यांना त्यानं तीन दिवसांची सवलतही दिली, नातेवाइकांना धावपळ करता यावी म्हणून. फाशी त्यानं बंद केली नाही, हेही मी मुलांना सांगणार आहे. त्याला उगाच देव करायचं नाही.

तुझं म्हाळसाकाकूचं बोकड मी व्याख्यानात घेतोय. फक्त एक शंका येते. ज्याचा त्या देवावर विश्वासच नाही, त्यानं काय करायचं?

बुद्धघोष


।। श्री मार्तंड प्रसन्न ।।

अंथुर्णे
६ एप्रिल २०२५

प्रिय बुद्धघोष,

तुझी शंका इतक्या लवकर आमच्या दारात येईल असं वाटलं नव्हतं. तात्यांचा फोन तुला आला असेलच. तरी मी पाहिलं तसं लिहितो.

कालव्याचं पाणी चालू होतं. खालच्या शेतातल्या झुंबरनं कांदा काढून शेतात ढीग घालून ठेवला होता. पाळी दुसऱ्याची असताना कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या आमच्या चारीचं दार कुणीतरी उघडलं आणि तसंच सोडून दिलं. पाणी फुटून झुंबरच्या शेतात शिरलं. सकाळी तो बोंबलत आला, “माझा कांदा पव्हाय लागला!” सगळा ढीग नासला. त्या दारावर दोघांचीच शेतं भिजतात, दादाचं आणि तात्यांचं. माझा तुकडा वरच्या दारावर. दादा म्हणे मी नाही, तात्या म्हणे मी नाही. उघडताना कुणी पाहिलेलं नाही.

पाणीवाटपाच्या संस्थेची मंडळी देवळात जमली. वाटी काढायचं ठरलं. मी विहिरीवरच्या झाडाचा बेल तोडायला गेलो, तोवर दादा वाटी घेऊन पुढं गेला. देवळात मी ती हातात धरून उभा राहिलो. दादानं टोपी काढली, पायरी चढला, भंडारा उचलला आणि म्हणाला, “दार मी उघडलं असंल तर मल्हारी माझं बघून घील.” आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग तात्यांना बोलावलं. ते पायरीखालीच थांबले. म्हणाले, “तुमच्या देवाचा मी अपमान करत न्हाय. पण मी त्याला मानत न्हाय, मंग त्याच्या नावानं सांगितलं तर तेच खोटं हुईल. माझं पंचशील हाय. त्यात खोटं बोलायचं न्हाय. ते म्हणून सांगतो, दार मी उघडलं न्हाय.”

झुंबर म्हणाला, “तात्या, पंचशीलाला कोण भितंय? वाटीला हात लावा, मोकळं व्हा.”

“तुमी भिता म्हणून खरं बोलता व्हय?” तात्या म्हणाले.

हे लोकांना लागलं. एकानं उचलला, दुसऱ्यानं उचलला नाही, म्हणजे काय ते सरळ आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. उन्हाळाभर तात्यांची पाळी बंद केली.

मला वाईट वाटलं. पण बुद्धघोष, खरं सांगतो, तात्यांनी नुसता हात लावला असता तरी चाललं असतं. एवढा ताठा कशाला? आणि दादा भंडारा उचलून खोटं बोलणार नाही. वडील गेल्यावर त्यानं मला वाढवलं. मी त्याला ओळखतो.

मानसिंग


बारामती
१० एप्रिल २०२५

मानसिंग,

‘नुसता हात लावला असता.’ हे वाक्य मी करुणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “भावजींनी लिहिलंय हे? आपल्या मानसिंगभावजींनी?”

माझ्या आजोबांनी छप्पन साली देव घराबाहेर काढले, तेव्हा गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. तात्यांनी ते लहानपणी पाहिलंय. ज्या माणसानं एवढं सोसून एक शब्द पाळला, तो कांद्याच्या ढिगासाठी मोडणार होता का? तुमच्या वाटीला हात लावून ते सहज सुटले असते. सुटण्यासाठीसुद्धा खोटं वागायचं नाही म्हणून ते खाली उभे राहिले. गावानं त्यालाच गुन्हा ठरवलं.

गावाचं मला नवल नाही. पण ती वाटी तुझ्या हातात होती. माझ्या आईनं मला आणि तुला एका ताटात जेवायला वाढलेलं आहे. तुझ्या तोंडून एक वाक्य निघालं नाही : ‘तात्या हा देव मानत नाहीत, त्यांच्या न उचलण्याचा अर्थ असा लावू नका.’ एवढंच म्हणायचं होतं. दादांविरुद्ध बोल असं कोण म्हणत होतं?

म्हाळसाकाकूचं बोकड मी व्याख्यानातून काढून टाकलं. मुलं हसली असती, आणि मला ते हसू सहन झालं नसतं.

सध्या पत्र पाठवू नकोस.

बुद्धघोष


।। श्री मार्तंड प्रसन्न ।।

अंथुर्णे
२१ एप्रिल २०२५

प्रिय बुद्धघोष,

पाठवू नकोस म्हणालास तरी पाठवतोय. वाचून झाल्यावर फाडलंस तरी चालेल.

देवळातून आणल्यावर वाटी मी देव्हाऱ्यात ठेवली होती. रोज वरच्या वर बेल बदलत होतो. काल देव उजळायला काढले, म्हणून भंडारा कागदावर ओतला. त्यात मोहरीचे दाणे निघाले. तिखटाची लाल पूडही होती, एका बाजूला चिकटलेली. देवाच्या भंडाऱ्यात मोहरी कुठून येईल? मोहरी असते ती मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या शेजारच्या वाटीत.

आमच्या घरातल्या मिसळणाच्या डब्यात मोहरी नसते. आमची ही मोहरी बरणीत ठेवते. मधल्या दारापलीकडं, दादाच्या स्वयंपाकघरात मात्र सगळं एका डब्यात असतं.

केसरबाईवहिनी धुणं वाळत घालत होत्या. मी कागदाची पुडी उघडून दाखवली. त्यांनी एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग आत जाऊन एक पेला घेऊन आल्या. स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. आत आमचा भंडारा होता, खोबऱ्याच्या तुकड्यांसकट.

“त्यांनी रोज उदबत्ती लावलीया त्याला,” वहिनी म्हणाल्या. “म्या म्हणलं हुतं नगा करू. माझं कोण ऐकतंय?”

मी बेल तोडायला गेलो, तेवढ्या वेळात दादानं वाटी रिकामी करून डब्यातली हळद भरली होती.

दादा गोठ्यात होता. मी विचारलं. त्यानं नाकारलंच नाही. म्हणाला, “मका करपाय लागला हुता. म्हणलं घटकाभर पाणी घ्यावं. बसल्या जागी डोळा लागला, त्याला मी काय करू?”

“आन् भंडारा?”

“देवाला हात लावून खोटं बोलाय मी काय येडा हाय व्हय? ती घरची हळद हुती. देव म्या बाजूला ठिवला हुता. देवाचा अन् माझा हिशेब साफ हाय.”

“आन् तात्याचा?”

“त्याला कुणी नगं म्हणलं हुतं हात लावाय? तरी म्या जागरण-गोंधळ बोललोय. सगळ्या गावाला जेवाण घालतो. झुंबरला पुढच्या पंगतीला बसवतो.”

हे तो मला समजूत घालण्याच्या सुरात सांगत होता, लहानपणी ताप आल्यावर सांगायचा तसा. तो देवाला भितो, हे मी आजवर अभिमानानं सांगत आलो. बुद्धघोष, तो खरंच भितो. म्हणूनच त्यानं हे केलं. रागावून खोटं बोलला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आता काय करावं हे मला कळत नाही. तो देवाच्या इतका जवळ उभा आहे, की मधे तात्या दिसतच नाहीत.

मला वाटी धरायला लावली. माझ्या धरण्यामुळं लोकांनी ते खरं मानलं.

तू पुस्तकं वाचलीस. असं काही झालं तर जुन्या लोकांनी काय करायला सांगितलंय?

मानसिंग


बारामती
२५ एप्रिल २०२५

मानसिंग,

पत्र फाडलं नाही.

राज्यकारभारावरच्या एका जुन्या ग्रंथात एक नियम आहे. निर्दोष माणसाला राजानं दंड केला, तर राजानं त्याच्या तीसपट रक्कम भरायची. मी विद्यार्थी असताना हे वाचून हरखलो होतो. राजालासुद्धा दंड! पुढची ओळ नंतर नीट वाचली. ती रक्कम वरुणाच्या नावानं पाण्यात ठेवायची आणि मग ब्राह्मणांना द्यायची. असं केलं की राजाचं पाप धुतलं जातं. ज्याला चुकीचा दंड झाला, त्याच्या हातात त्यातलं काय पडायचं, ते तिथं लिहिलेलं नाही.

दादांचा गोंधळ मला त्यातलाच वाटतो. गाव जेवेल, देव तृप्त होईल, आणि तात्या चोरच राहतील.

काय कर, हे मी सांगणार नाही. दादांनी तुला वाढवलंय, मला नाही. पण तात्यांच्या बागेत कोवळं फळ गळायला लागलंय, आणि हे मला तुझ्याकडून नाही, सिंधुबाईकाकीकडून कळलं. त्या सकाळी खाली पडलेली फळं पाटीत गोळा करतात, तात्या उठायच्या आत.

बुद्धघोष


।। श्री मार्तंड प्रसन्न ।।

अंथुर्णे
८ मे २०२५

प्रिय बुद्धघोष,

झालं ते क्रमानं लिहितो.

संस्थेच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि हळदीचं सगळं सांगितलं. दादा समोरच बसला होता. मग अध्यक्ष म्हणाले, “मानसिंगराव, घरातलं भांडण हितं आणू नगा. वाटणीवरनं काय बिनसलंय का?” मी म्हणालो, वाटणी होऊन पंधरा वर्षं झाली, काही बिनसलेलं नाही. दादा म्हणाला, “त्याला बारामतीहून पत्रं येत्यात. डोकं फिरलंय त्याचं.” लोक हसले.

झुंबर म्हणाला, “बरं, तुझं खरं म्हणायचं तर मंग तू उचल भंडारा.”

खरा भंडारा मी बरोबर नेला होता. मला उचलायला कसलीच भीती नव्हती, कारण मी खरंच बोलत होतो. हात पुढं गेलासुद्धा. पण मग वाटलं, मी उचलला तर काय सिद्ध होईल? उचलतो तोच खरा, हेच. म्हणजे तात्या पुन्हा खोटेच ठरणार. मी हात मागं घेतला.

“न्हाय उचलणार,” मी म्हणालो. “तात्यानं न उचलता खरं सांगितलं. म्या बी तसंच सांगतो.”

“म्हंजे ह्यो बी खोटाच!” कुणीतरी मागून ओरडलं. तात्यांची पाळी बंदच राहिली.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. मी माझं पाणी तात्यांच्या बागेत सोडायला गेलो. पाट फोडणार तेवढ्यात तात्या आले. फावड्यावर पाय ठेवला.

“काय करतुयास?”

“माझ्या वाटणीचं पाणी हाय. घ्या.”

“मी न्हाय घेणार. घेतलं तर गाव म्हणंल, चोरावर दया केली. मला दया नगं, मानसिंग. माझी पाळी पायजे, माझ्या नावानं.”

मी म्हणालो, “झाडं जातील हो.”

“जाऊ देत. झाडं परत लावीन. म्हातारपणी नाव कुठनं आणू?” मग फावड्यावरचा पाय काढून म्हणाले, “लिहून देशील का? कचेरीत, सहीनिशी? देवळातलं बोलणं देवळात ऱ्हातंय.”

मी लगेच हो म्हणालो नाही. ते तुझ्यापासून लपवत नाही. घरी आलो, जेवलो. दादानं नेहमीप्रमाणं माझ्या बैलांना वैरण टाकलेली होती. ते बघून रात्रभर मन मागं फिरत राहिलं. सकाळी इंदापूरच्या गाडीत बसलो.

कचेरीत पाटाचं काम बघणाऱ्या साहेबांपुढं अर्ज दिला. दार कुणी उघडलं, दादानं माझ्याजवळ काय कबूल केलं, तात्यांची पाळी कशावरून बंद केली, सगळं लिहिलं. कारकून वाचता वाचता थांबला. “ज्यांच्याविरुद्ध लिहिलंय ते तुमचे कोण?” मी सांगितलं, सख्खा थोरला भाऊ. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, अर्ज परत पुढं सरकवला आणि म्हणाला, “पाणी प्या, मग सही करा.” मी पाणी प्यालो आणि सही केली. साहेब म्हणाले, पंचनामा न करता कुणाची पाळी बंद करता येत नाही, संस्थेला तसं पत्र जाईल, आणि पुढच्या बुधवारी ते स्वतः चारीवर चौकशीला येतील.

परत आलो तेव्हा दादा ओसरीवर बसला होता. त्याला माझ्याआधीच कळलं होतं. मला वाटलं, हात उगारेल. त्यानं अगदी हळू विचारलं, “देवाला भिऊन गेलास व्हय रं?”

“न्हाय दादा,” मी म्हणालो. “देवाचं तुमचं तुमी बघा. मला तात्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.”

“आन् माझ्या तोंडाकडं बघवंल?”

तो उठला, आत गेला. आमच्या दोन्ही घरांच्या मधलं दार तुला माहीत आहे. वाटणी झाली तेव्हाही ते उघडंच होतं. पलीकडून कडी लागल्याचा आवाज आला. वहिनी काहीतरी म्हणाल्या, तरी कडी निघाली नाही. आज चौथा दिवस आहे.

निम्मी बाग वाचेल असं तात्या म्हणतात. चौकशी नीट झाली तर पाळी त्यांच्या नावानं सुटेल. मका उभा आहे, दादाचा.

बुधवारी साहेब येतील तेव्हा तू गावात असावंस, असा तात्यांचा निरोप आहे. सकाळच्या एसटीनं ये आणि आधी त्यांच्याकडं जा, सिंधुबाईकाकी वाट बघतील. माझ्याकडं यायचं की नाही, ते तू ठरव. मी चारीवर असेनच. दादाही असेल.

मानसिंग